पुणे हवामान खात्याचा ग्रिडेड पावसाचा डेटा : फुकट आहे, भारी आहे, पण आधी हे वाचा

देशात कुठे किती दिवस पाऊस पडतो हे मोजायचं असेल तर आयएमडी (म्हणजे हवामान खातं) पुण्याच्या साईटवरचा हा डेटा घ्याच. १९०१ पासूनचा रोजचा पाऊस, अख्खा देश अक्षांश-रेखांशाच्या पाव अंशाच्या चौकोनांत (यालाच ग्रिड म्हणतात), दर वर्षाची एक फाईल, पैसे शून्य. पायथॉन येत असेल तर आयएमडीलिब ही या फाईली वाचून देणारी लायब्ररी वापरा, नाहीतर बायनरी फाईल उघडण्यातच रविवार जाईल. आणि हो, -९९९ म्हणजे डेटा नाही, तो काढल्याशिवाय सरासरी काढू नका बरं का.

आता मेन मुद्दा. एकूण पाऊस बघायला हा डेटा मस्त, पण 'किती दिवस पडला' मोजताना जरा जपून. खात्याच्या हिशोबात २.५ मिमी किंवा जास्त पडला तरच तो पावसाचा दिवस, म्हणजे दिवसभर भुरभुर होऊन कपडे वाळले नाहीत तरी २ मिमीच भरला तर तो दिवस गेला कोरड्यात. शिवाय दिवस सकाळी साडेआठ ते दुसऱ्या सकाळी साडेआठ, आणि आकडा पडतो दुसऱ्या तारखेला. मुंबईचा २६ जुलै २००५ आठवतोय ना, सांताक्रूझचे ते ९४४ मिमी? रेकॉर्डला ते २७ जुलैचे आहेत. पेपरातल्या तारखा जुळवायला बसलात तर डोकं फिरेल.

दुसरं म्हणजे चौकोन साधारण २७ किमीचा आणि त्यातला आकडा आजूबाजूच्या पाऊस मोजणाऱ्या केंद्रांवरून गणिताने काढलेला. शेजारी धो धो पडला की कोरड्या गावाच्या वाट्यालाही थोडा येतो, त्यामुळे मोठ्या सरी जरा सपाट होतात आणि पावसाचे दिवस उगाच वाढतात. महाबळेश्वर आणि पाचगणी एकाच चौकोनात येतात!! पाचगणीला निम्म्याहून कमी पाऊस, तिथे राहणाऱ्याला विचारा. जुन्या आणि नव्या वर्षांची तुलना करतानाही सांभाळून, कारण केंद्रांची संख्या दरवर्षी सारखी नाही.

जिल्हा, राज्य, देश पातळीवर माझ्याकडून साडेचार स्टार. गावापुरतं किंवा पीकविम्यासाठी बघत असाल तर इथे वेळ घालवू नका, तिथे महसूल मंडळाचा आकडा धरतात, तो कृषी विभागाच्या महारेन साईटवर बघा.