पहिली सायकल फ्रेम बांधताय? जिग प्लायची, प्रोफाइलची की जाड प्लेटची

स्टीलची फ्रेम स्वतः जोडायची ठरवली की आधी जिगवर, म्हणजे जोडताना नळ्या जागच्या जागी धरणाऱ्या साच्यावर, गाडी अडते. पुण्यात तिन्ही गोष्टी जमतात: भवानी पेठेच्या टिंबर मार्केटमधला प्लाय, ॲल्युमिनियमचं खाचांचं प्रोफाइल, नाहीतर भोसरीत मशीनिंग करून घेतलेली जाड लोखंडी प्लेट.

एक-दोन फ्रेमच करणार असाल तर डोळे झाकून प्लाय घ्या. 18 मिमी मरीन प्लायवर फ्रेमचं चित्र खऱ्या मापात काढायचं आणि नळ्यांखाली ठोकळे स्क्रूने आवळायचे. खरी मेख ठोकळ्यांच्या उंचीत आहे. सीट ट्यूब (सीटखालची उभी नळी) 28.6 मिमी आणि टॉप ट्यूब (वरची आडवी नळी) 25.4 मिमी व्यासाची असेल, तर टॉप ट्यूबखालचा ठोकळा 1.6 मिमी उंच हवा, तरच दोन्हींचे मध्य एका पातळीत येतात. प्लायची अडचण ज्योतीची. त्यावर फक्त टॅक मारा, म्हणजे सांधे ठिपक्यांनी तात्पुरते पकडा, आणि पूर्ण ब्रेझिंग (पितळ वितळवून सांधा भरणं) फ्रेम बाहेर काढून करा. पावसाळ्यात तो भिंतीला टेकवून ठेवू नका, बाक येतो.

प्रोफाइल महाग पडतं, पण हेड ट्यूबचा (हँडलखालच्या पुढच्या नळीचा) कोन 73 अंशांवरून 71 करायला नवीन ठोकळे कापावे लागत नाहीत. दर वेळी वेगळ्या मापाची फ्रेम करणाऱ्याने हेच घ्यावं. मात्र ॲल्युमिनियम तापल्यावर स्टीलच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं, त्यामुळे इथेही टॅकपुरतंच थांबा.

जाड प्लेट फ्रेम विकणाऱ्यांसाठी. फ्लॅटच्या बाल्कनीत तिचा विचारही नको.

पण जिग कुठलीही असो, ती नळ्या फक्त धरते. पितळी ब्रेझिंगला सांधा 900 अंश सेल्सिअसच्या आसपास तापतो आणि थंड होताना नळी खेचतो. ते ओढलं जाणं जिगमध्ये दिसत नाही, म्हणून पैसे तपासणीच्या हत्यारांसाठी राखा.

सगळ्यात स्वस्त हत्यार म्हणजे दोरा. मागच्या एका ड्रॉपआउटपासून (चाकाचा ॲक्सल बसतो ती खाच) हेड ट्यूबला वळसा घालून दुसऱ्या ड्रॉपआउटपर्यंत ताणा आणि सीट ट्यूबपासून दोन्ही बाजूंचं अंतर व्हर्नियरने घ्या. फरक 1 मिमीच्या आत असला तर मागचा भाग मधोमध आहे. हेड ट्यूबचा पीळ मात्र दोऱ्याला कळत नाही. त्यासाठी सीट ट्यूब आणि हेड ट्यूब एका नजरेत धरून पाहावं लागतं.

ड्रॉपआउट समांतर आहेत का, हे पाहायला एम10 थ्रेडेड रॉडचे दोन तुकडे पुरतात. दोन्हीकडून नटांनी घट्ट बसवले की टोकं समोरासमोर यायला हवीत. बाजारातल्या नटाचं तोंड आट्यांना काटकोनात असेलच असं नाही, त्यामुळे टर्नरकडून ते लेथवर फेस (सपाट) करून घ्या, नाहीतर चांगली फ्रेमही वाकडी दिसेल. स्टीलचे चेनस्टे (मागच्या चाकाकडे जाणाऱ्या खालच्या नळ्या) थंड असतानाच हळूहळू वाकवता येतात. वाकवल्यावर आतलं अंतर, जुन्या पद्धतीच्या क्विक-रिलीज रोड हबला (चाकाच्या मधल्या भागाला) 130 आणि माउंटन हबला 135 मिमी, पुन्हा मोजा.