पट्टाया नको, फुकेत नको: ऑगस्टमध्ये गोल्फसाठी हुआ हिन

थायलंडला गोल्फ खेळायला जायचं म्हटलं की ट्रॅव्हल एजंट विचार न करता पट्टायाचं पॅकेज पुढे करतो. मी सीए आहे, त्यामुळे कोटेशन हातात आलं की त्यात काय नाही ते आधी बघते. आमच्या कोटेशनमध्ये कॅडीची (बॅग सांभाळून खेळात मदत करणाऱ्याची) टीप नव्हती, कार्टचं (कोर्सवर फिरायच्या छोट्या गाडीचं) भाडं नव्हतं, आणि हॉटेलपासून कोर्सपर्यंत रोज किती वेळ गाडीत बसायचं हे तर कुठेच लिहिलेलं नव्हतं. तारखाही त्याने विचारल्या आणि सोडून दिल्या. माझ्या मते सगळा निर्णय तारखांवर ठरतो.

आम्हाला वेळ मिळतो तो जुलैअखेरची रिटर्न्स भरून झाल्यावर आणि सप्टेंबरचं ऑडिट अंगावर येण्याआधी, म्हणजे ऑगस्टात. त्यामुळे फुकेत लगेच बाद झालं. मे ते ऑक्टोबर तिथे नैऋत्य मोसमी वारे थेट अंदमान समुद्रावरून येऊन आदळतात. जीव थोडा चुटपुटला, कारण ब्लू कॅनियन तिथे आहे. 1998 साली टायगर वुड्सने शेवटच्या दिवशी आठ फटके मागून येऊन दक्षिण आफ्रिकेच्या एर्नी एल्सला प्लेऑफमध्ये (बरोबरीनंतरच्या जादा होलवर) हरवलं, तो हाच कोर्स. पण धो धो पावसात तो बघून काय करायचं?

हुआ हिन बँकॉकच्या नैऋत्येला, थायलंडच्या आखाताच्या काठावर आहे. त्याच्या पश्चिमेला म्यानमारच्या सीमेची डोंगररांग उभी आहे आणि पाऊस बराचसा तिथेच अडतो. महाबळेश्वरला कोसळून फलटणला कोरडा, तसलाच प्रकार. आम्ही होतो तेव्हा दुपारी एखादी सर यायची आणि अर्ध्या तासात फेअरवेवर (होलकडे जाणाऱ्या कापलेल्या गवताच्या पट्ट्यावर) पुन्हा चालता यायचं. मात्र दिवाळीच्या सुट्टीत जाणार असाल तर हा हिशोब उलटा होतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये हुआ हिनलाच पाऊस असतो.

गावाच्या मधोमध, रेल्वे स्टेशनला लागून, रॉयल हुआ हिन आहे. 1924 चा, देशातला पहिला रीतसर गोल्फ कोर्स. रेल्वेतल्या एका स्कॉटिश इंजिनिअरने आखलेला. ग्रीन्स (होलभोवतीचं अगदी बारीक कापलेलं गवत) काही फार भारी नाहीत, बंकरमधली (वाळूच्या खड्ड्यांतली) वाळूही यथातथाच, पण जुनी झाडं आणि टेकडीचा चढउतार यांसाठी एक राउंड खेळाच. कार्टमध्ये केळी उघडी ठेवू नका, माकडं आहेत.

खरी मजा ब्लॅक माउंटनला. 2007 मध्ये सुरू झालेला, फिल रायनने डिझाइन केलेला हा कोर्स युरोपियन टूर या पुरुषांच्या व्यावसायिक मालिकेची स्पर्धाही घेऊन बसलाय. पाणी आणि खडक सतत आडवे येतात, माझ्यासारख्या हाय हँडिकॅपवालीने (म्हणजे कच्च्या खेळाडूने) भरपूर बॉल घेऊन जावेत. इथे प्रत्येकाला स्वतंत्र कॅडी घ्यावीच लागते. बहुतेक बायकाच असतात, उन्हासाठी तोंडाला फडकं आणि वर रुंद टोपी. माझ्या कॅडीने ग्रीनवर बॉल उचलून पुसला, त्यावरची रेघ नेमकी दिशेला लावून ठेवला, आणि दोन बोटं दाखवली: होलच्या डावीकडे दोन कप, म्हणजे होलच्या दुप्पट रुंदीएवढं. मला तर जमीन उजवीकडे उतरती दिसतच नव्हती. मग तिने गवताकडे हात केला. बॉलमागून बघताना गवत चमकतं तेव्हा ते होलच्या दिशेने झोपलेलं असतं आणि पट (ग्रीनवर बॉल घरंगळवायचा फटका) जोरात पळतो. काळपट दिसलं तर उलटं, जोर जास्त लावायचा. पुण्यात इतकी वर्षं खेळतेय, हे असं बोट ठेवून कोणी दाखवलं नव्हतं. टीप साधारण 300 ते 400 बाट, रोख, तिच्याच हातात. इथे चिंधीगिरी करू नका.

पट्टायाला नावं ठेवण्यासारखं गोल्फमध्ये काही नाही, हे सांगायला हवं. एलपीजीएची (महिलांच्या व्यावसायिक गोल्फची) थायलंडची स्पर्धा होते ते सियाम कंट्री क्लब तिथलंच. 2013 मध्ये थायलंडचीच 17 वर्षांची आरिया जुटानुगार्न शेवटच्या होलला ट्रिपल बोगी करून (ठरलेल्यापेक्षा तीन फटके जास्त घेऊन) जिंकत आलेली स्पर्धा तिथेच हरली, आणि 2021 मध्ये तिथेच जिंकली. फक्त पुरुषांचा ग्रुप असेल, रात्री जागायचं असेल, तर खुशाल तिकडे जा. आमच्याबरोबर माझी नणंद होती आणि ती गोल्फ खेळत नाही. हुआ हिनला ती सकाळी मसाज, संध्याकाळी नाइट मार्केट अशी मजेत होती. समुद्र मात्र सामान्य आहे, त्यासाठी कोणी जाऊ नये.

शाकाहारी मंडळींनी एक वाक्य पाठ करावं: ‘माय साय नाम प्ला’, म्हणजे फिश सॉस घालू नका. भाजीतही घालतात.

बँकॉकहून रस्त्याने सुमारे 200 किलोमीटर, तीन तास धरा. चौघांच्या चार गोल्फ बॅगा साध्या गाडीत मावत नाहीत, व्हॅनच सांगा. कोर्स हॉटेलपासून अर्ध्या तासाच्या आत निवडले तर सकाळी साडेसहा-सातचा टी टाइम (खेळ सुरू करायची वेळ) घेऊन उन्हाआधी अठरा होल उरकतात. शनिवार-रविवार टाळा, बँकॉकची गर्दी येते आणि पाच-पाच जणांचे ग्रुप पुढे रेंगाळत बसतात.