वखारीपासून मिठागरापर्यंत: राजापूर ते शिरोडा इतिहास सहलीचा अनुभव

राजापूर ते शिरोडा अशी दोन दिवसांची ही सहल सिंधुदुर्गातले एक तरुण जोडपे चालवते; पुढे त्यांना मी ताई आणि दादा म्हणतो. माणशी 3,800 रुपयांत प्रवास, एक मुक्काम आणि जेवणखाण मिळते, आणि एका वेळी आठांपेक्षा जास्त माणसे ते घेत नाहीत. कोकणात किल्ले दाखवणाऱ्या सहली पुष्कळ आहेत. ही सहल व्यापार दाखवते. निर्यात वाढवावी, आयात रोखावी, सोने-चांदी आपल्या खजिन्यात साठवावी आणि वसाहतीने कच्चा माल पुरवून आपलाच पक्का माल विकत घ्यावा, हे युरोपातल्या राज्यांचे जुने धोरण मर्कंटिलिझम, म्हणजे व्यापारवाद, या नावाने आपण पाठ्यपुस्तकात वाचलेले असते. ते आपल्या बंदरांवर कसे उतरले आणि इथल्या माणसाच्या पदरात काय पडले, हे जागेवर उभे राहून समजून घेण्याची सोय मला तरी दुसरीकडे कुठे आढळली नाही.

पहिल्या दिवशी सकाळी अर्जुना नदीच्या काठी उभे राहून ताईंनी प्रश्न केला, की समुद्रापासून इतक्या आत बंदर कशासाठी? जैतापूरच्या खाडीतून भरतीबरोबर गलबते इथवर येत आणि अणुस्कुरा घाट उतरून बैलांच्या पाठीवरून मिरी आणि कापड खाली येई. खाडी गाळाने भरत गेली आणि मोठी गलबते येईनाशी झाली, एवढे पाण्याकडे बघूनच कळते. मग इंग्रजांच्या वखारीची, म्हणजे व्यापारी कोठीची, जागा पाहिली.

दुपारी मुक्कामाच्या घराच्या पडवीत जे झाले ते या सहलीतले सर्वांत कल्पक काम आहे. प्रत्येकाला एक भूमिका आणि एक कागद मिळाला. मी नाखवा, म्हणजे जहाजाचा कप्तान, होतो आणि माझ्यापुढे पायलीभर मिरी व कापडाचे चार तागे ठेवले होते. कागद होता कार्ताझचा, म्हणजे पोर्तुगिजांच्या समुद्री परवान्याचा. त्यात जहाजाचे आणि नाखव्याचे नाव, बरोबरची शस्त्रे, जायचे बंदर आणि नेण्यास मनाई असलेला माल लिहिलेला असे. सोळाव्या शतकातल्या त्या नियमाप्रमाणे माझी मिरी जप्त झाली आणि ताग्यांवरची जकात भरायला मला वाट वाकडी करून गोव्याला जावे लागले. परवान्याची फी नाममात्र होती. खरा भार या सक्तीच्या फेऱ्याचा आणि तिथल्या जकातीचा होता. समोरची मिरी उचलून नेली जाताना पाहिली, की मक्तेदारी या शब्दाची व्याख्या वेगळी सांगावी लागत नाही. पुढे कान्होजी आंग्र्यांनी स्वतःची दस्तके, म्हणजे परवाने, देऊन समुद्रावरचा हाच हक्क आपल्याकडे घेतला, हेही तिथेच ओघाने आले.

इथे माझा पहिला आक्षेप आहे. इंग्रजांची ईस्ट इंडिया कंपनी पहिल्या दिवसापासून लुटायलाच आली, असे दादांनी सांगितले. ऐकायला ते पटते, पण त्यामुळे व्यापारवाद समजायचा राहून जातो. 1600 साली स्थापन झालेल्या त्या कंपनीकडे इथे खपेल असा माल फारसा नव्हता; तिला चांदी मोजूनच खरेदी करावी लागे आणि मायदेशी चांदी बाहेर जाते म्हणून तिच्यावर टीका होई. तिचे एक संचालक थॉमस मन यांनी बचाव केला तो असा, की हिंदुस्थानी माल युरोपात पुन्हा विकला की गेली त्याहून अधिक चांदी घरी येते. इथल्या कापडाची तिकडच्या कारागिरांना इतकी धास्ती वाटली, की 1700 साली छापील कापडाच्या आयातीवर आणि 1721 साली ते वापरण्यावरही इंग्लंडने बंदी घातली. ही चढाओढ आधी आणि राज्यसत्ता हातात आल्यावरची पिळवणूक नंतर, हा क्रम सांगितला तरच उलटापालट किती मोठी झाली ते कळते.

राजापूरची हकीकतही अर्धीच सांगितली गेली. 1660 साली पन्हाळ्याच्या वेढ्यात इथल्या इंग्रजांनी सिद्दी जौहरला तोफगोळ्यांची मदत केली आणि 1661 साली शिवाजी महाराजांनी वखार लुटून त्यांना कैद केले, इथे गोष्ट थांबली. पुढची खरी रंगतदार आहे. नुकसानभरपाईसाठी इंग्रज वर्षानुवर्षे खेटे घालत राहिले आणि 1674 च्या तहात 10,000 होनांवर, म्हणजे सोन्याच्या नाण्यांवर, तडजोड झाली. पण रोकड द्यायची नाही असे ठरले. इंग्रजांनी तीन वर्षे दरसाल 5,000 होनांचा माल घ्यावा, निम्मेच मोल द्यावे, आणि राहिलेले 2,500 होन जकातीच्या माफीतून फेडून घ्यावेत. भरपाई देतानाही खजिन्यातले नाणे बाहेर जाऊ न देता आपला माल खपवणारा हा व्यवहार पडवीतल्या त्या खेळात सहज बसला असता.

रात्रीचे जेवण घरगुती होते. कुळथाची पिठी, भात आणि सोलकढी, सकाळी घावणे; कशातही उणे काढायला जागा नव्हती. राहण्याची खोली साधी पण स्वच्छ.

दुसऱ्या दिवशी वेंगुर्ल्याची डच वखार. 1637 साली डचांनी इथे ठाणे दिले ते गोव्यावर नजर ठेवायला आणि आपल्या जहाजांना शिधापाणी पुरवायला. दोन युरोपीय मक्त्यांची भांडणे तिसऱ्याच्याच किनाऱ्यावर चालत, याचा हा दगडी पुरावा आज पडक्या भिंतींच्या रूपात उरला आहे. इथे अर्धा तास पुरे होता, पण आम्ही दीड तास घालवला, आणि त्याची किंमत शिरोड्यात मोजावी लागली.

कारण शिरोड्याची मिठागरे हे या सहलीचे सर्वस्व आहे. मिठागराच्या बांधावर ताईंनी मिठाचे दोन ढीग मांडले, एक बारदेशाचा आणि एक संगमेश्वराचा, आणि महाराजांनी 1671 साली कुडाळचे सरसुभेदार नरहरी आनंदराव यांना पाठवलेल्या पत्राचा आशय सांगितला. पोर्तुगिजांच्या बारदेशातले मीठ स्वस्त पडते म्हणून व्यापारी तिकडे वळतात. तेव्हा त्यावर इतकी जबर जकात बसवावी, की ते संगमेश्वरच्या मिठाहून महाग पडावे. असे बोलत त्यांनी बारदेशाच्या ढिगापुढे एकेक नाणे ठेवत नेले आणि आमच्यापैकी व्यापारी झालेल्या दोघांनी आपसूक पाठ फिरवून संगमेश्वरचा ढीग उचलला. व्यापारवाद युरोपाचा एकट्याचा नव्हता, हे त्यांचे म्हणणे मला मान्य आहे; मात्र इथे जकातीचे हत्यार होते, वसाहत नव्हती, हा फरक त्यांनी ठळक करायला हवा होता.

तो फरक त्याच बांधावर दाखवता येतो. इंग्रजी अमलात कर बाहेरच्या मिठावर थांबला नाही, इथल्याच आगरात पिकणाऱ्या मिठावर बसला. 1844 साली मुंबई इलाख्यात तो मणामागे आठ आण्यांवरून एक रुपयावर नेला, तेव्हा सुरतेत दंगल उसळली. तिकडे बंगालच्या बाजारात इंग्लंडच्या चेशायरचे मीठ जहाजांनी येऊन पडत होते. शिरोड्यात 1930 च्या मे महिन्यात सत्याग्रह झाला तो याच वाफ्यांच्या आसऱ्याने. आम्ही पोहोचलो तेव्हा ऊन कलले होते. लाकडी फावड्याने मीठ ओढणाऱ्या एका म्हाताऱ्या काकांना मी पिकाविषयी विचारले, तर ते हात न थांबवता म्हणाले, "पाऊस पडलो काय मीठ संपला." पुढे बोलायला वेळच नव्हता, गाडीचा हॉर्न वाजत होता.

आयोजकांना माझी विनंती आहे, की दुसरा दिवस शिरोड्यापासून सुरू करावा आणि परतताना वेंगुर्ले घ्यावे. जाणाऱ्यांनी फेब्रुवारी ते एप्रिल याच काळात नाव नोंदवावे, कारण पावसाळ्यात मिठागरे पाण्याखाली असतात. बांधावर सावली नाही, तेव्हा टोपी आणि पाणी जवळ ठेवावे. पाचांपैकी चार गुण मी आनंदाने देतो. मीठ विकत घ्यायचे असेल तर कापडी पिशवी न्यावी. मी दोन किलो आणले आहे, खडे मोठे आणि किंचित करडे आहेत.