लॉनवरचा सिनेमा की गच्चीवरचा?

मे महिन्यात नाशकात सूर्य सात वाजून पाच-सात मिनिटांनी मावळतो. मावळला म्हणून लगेच पडदा दिसायला लागत नाही. पश्चिमेचा उजेड विरायला आणखी चाळीसेक मिनिटं जातात. म्हणजे उघड्यावरचा सिनेमा पावणेआठच्या आधी सुरू करण्यात अर्थ नाही. आणि रात्री दहानंतर उघड्यावर लाउडस्पीकर लावता येत नाही. मधे उरतात सव्वादोन तास. आपला हिंदी सिनेमा बहुतेक वेळा अडीच तासांचा. उन्हाळ्यातले शनिवार हॉटेलच्या लॉनवर घालवायचे की सोसायटीच्या गच्चीवर, हे ठरवताना मी पडदा, खुर्च्या, पार्किंग, डास अशा सगळ्याचा विचार केला होता. पारडं झुकलं ते या पंधरा मिनिटांमुळे.

आमच्या ओळखीतल्या दोन-तीन सोसायट्या सध्या याच विचारात आहेत, म्हणून सविस्तर लिहितो. दोन्हीकडचा अनुभव माझा स्वतःचा आहे: दोन उन्हाळे हॉटेल, त्यानंतर गच्ची.

हॉटेल गंगापूर रस्त्याकडचं. एप्रिल-मेमध्ये दर शनिवारी लॉनवर मोफत सिनेमा. तिकीट नाही, फक्त फोन करून किती जण येणार ते सांगायचं. आम्ही चौघं जायचो: मी, बायको, मुलगी आणि आई. आईचं वय बहात्तर, उजवा गुडघा दुखरा. हॉटेलात एकही पायरी चढावी लागत नाही, हे तिच्या दृष्टीने सगळ्यात मोठं सुख होतं. चांगलं ते चांगलंच म्हणायला हवं. दिवसभर चाळीसच्या वर पारा चढलेला असताना संध्याकाळी पाणी मारलेल्या गवतावर चप्पल काढून पाय टेकले की अर्धा शीण तिथेच जातो. पडदा मोठा, आवाज शेवटच्या रांगेपर्यंत स्वच्छ. स्वच्छतागृह जवळ. सिनेमाचं प्रमाणपत्र फलकावर लिहिलेलं असायचं. आता यूएमध्ये सात, तेरा आणि सोळा वर्षांवरचे असे वेगळे गट झाले आहेत, त्यामुळे मुलीला न्यायचं की नाही ते घरूनच ठरवता यायचं. आणि एक गोष्ट गच्चीवर कधीच मिळणार नाही: दोनशे अनोळखी माणसं एका क्षणी हसतात, तेव्हा आपणही जरा जास्तच हसतो.

खर्चाचं म्हणाल, तर सिनेमा मोफत आणि खाणं विकत. कोणी आग्रह करत नाही, पण शेजारच्या टेबलावर फिंगर चिप्स आल्या की मुलगी माझ्याकडे बघणार. आमचं बिल सहा-सातशेच्या घरात जायचं. त्याची मला तक्रार नाही. लॉन राखायचं, माणसं ठेवायची, सिनेमाच्या हक्कांचे पैसे भरायचे, ते कुठून तरी यायला हवेतच.

वाऱ्याचं मात्र सांगायला हवं. मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात संध्याकाळी पश्चिमेचा वारा सुटतो. हॉटेलचा पडदा कापडाचा, चारी बाजूंनी दोरीने ताणलेला. एरवी लक्षातही येत नाही, पण नायिकेचा चेहरा पडदाभर आला की कपाळापासून हनुवटीपर्यंत एक लाट सरकत जायची. मुलीला मजा वाटायची, आईला चक्कर आल्यासारखं व्हायचं. तरी एवढ्यासाठी मी हॉटेल सोडलं नसतं.

सोडलं ते दहाच्या ठोक्यामुळे.

आठची वेळ जाहीर असायची. आठला अर्ध्या खुर्च्या रिकाम्या, म्हणून सव्वाआठ. मग प्रायोजकांची नावं, लहान मुलांसाठी सोडत, आणि पडद्यावर पहिलं चित्र यायचं साधारण आठ पंचवीसला. बरोबर दहाला कोणीतरी मागे जाऊन आवाज उतरवायचं. सिनेमा सुरूच, माणसं ओठ हलवताहेत, आणि ऐकू येतंय फक्त रस्त्यावरच्या गाड्यांचं. पहिल्यांदा हे झालं तेव्हा कथा अगदी टोकाला आलेली होती. बाप आणि मुलगा दहा वर्षांनी समोरासमोर आले होते. आई माझ्या बाहीला धरून म्हणाली, “काय म्हणाला रे तो?” मलाही ऐकू आलं नव्हतं. खाली इंग्रजी अक्षरं येत होती, ती वाचून मी तिला हळूच सांगत राहिलो आणि दर वाक्याला एक वाक्य मागे पडत गेलो. शेवटी ती म्हणाली, “राहू दे, उद्या सांग.” मुलगी खुर्चीत झोपली होती. तिला उचलून गाडीपर्यंत नेलं, आणि तिथून इंदिरानगरपर्यंत कोणी फारसं बोललं नाही.

पुढच्या शनिवारी तेच. त्याच्या पुढच्या शनिवारी वळीव आला आणि सगळ्यांना आतल्या हॉलमध्ये नेलं. बंदिस्त सभागृहात आतल्या आत आवाज चालतो, तशी नियमातच सूट आहे. त्या दोन उन्हाळ्यांत जेवढे मोठे सिनेमे पाहिले, त्यांतला तेवढा एकच शेवटपर्यंत ऐकता आला, आणि तोही आकाशाखाली नाही.

मी व्यवस्थापकांशी बोललो. माणूस सज्जन. म्हणाले, लोकच उशिरा येतात, रिकाम्या खुर्च्यांपुढे सुरू केलं तर आलेल्यांनाही बरं वाटत नाही. त्यांच्या जागी मी असतो तर कदाचित हेच म्हणालो असतो. नियमाबद्दलही माझं काही म्हणणं नाही. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिवर्धक बंद, निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा. सरकारला वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस बारापर्यंत मुभा देता येते, पण ते दिवस गणपती, नवरात्र अशांसाठी राखलेले असतात. आपणच लग्नाच्या डीजेला वैतागून दहाचे ठोके मोजतो, मग सिनेमाला वेगळा न्याय कसा मागणार? नियम योग्यच आहे. तो धरून वेळेची आखणी करायला हवी होती, ती हॉटेलात होत नव्हती.

आता गच्ची. इथे उणिवा पुष्कळ आहेत, आधी त्याच सांगतो. लिफ्ट चौथ्या मजल्यापर्यंत, पुढे अठरा पायऱ्या. आई त्या दोनदा थांबून चढते. पहिल्या मजल्यावरच्या वहिनींना गुडघ्याच्या ऑपरेशननंतर अजून जमत नाही. कठडा छातीएवढा उंच आहे, तरी लहान मुलांच्या बाजूला एक मोठं माणूस बसवावंच लागतं. मेमध्ये गच्चीवर कुरडया, पापड, सांडगे वाळत असतात. शनिवारी पाचच्या आत ते उचलायचे, हा अलिखित करार आहे आणि तो करायला एक महिना गेला. स्लॅब तर रात्री नऊपर्यंत तापलेला असतो. पहिल्या शनिवारी आम्ही नुसती सतरंजी अंथरली आणि दहा मिनिटांत सगळी मुलं उभी राहिली. आता सहाला दोन बादल्या पाणी शिंपडतो, ते बघता बघता सुकतं, मग पुन्हा एक बादली, त्यावर सतरंज्या आणि वर जुन्या गाद्या. तरी गादीखाली हात घातला की ऊब लागते, तव्यावरून भाकरी उतरवल्यावर तव्याची लागावी तशी.

पडदा नाही. जिन्याच्या खोलीची भिंत आहे, तिला दोन हात पांढरा रंग दिला. भिंत वाऱ्याने हलत नाही, त्यामुळे नायिकेचं कपाळ जागच्या जागी राहतं. प्रोजेक्टर सोसायटीतल्या एकांच्या ऑफिसातून निघालेला जुना, आणि स्पीकर आपले गणपतीचेच. चित्र हॉटेलच्या तुलनेत फिकं दिसतं, हे मान्य. शेजारच्या इमारतीतला एक दिवा थेट भिंतीवर यायचा. त्या काकांना विचारलं, तर ते दिवा मालवून स्वतःच बघायला यायला लागले.

परवानगीचा भाग कोणी टाळू नये. घरच्या ओटीटी वर्गणीवर सोसायटीच्या पन्नास माणसांना सिनेमा दाखवणं त्या वर्गणीच्या अटींत बसत नाही. हॉटेलात हे काम त्यांचं असतं, गच्चीवर ते आपल्या डोक्यावर येतं. आम्ही हक्क असलेल्या चार ठिकाणी पत्रं लिहिली, दोन उत्तरं आली, त्यांतलं एक होकाराचं. त्यामुळे नवे सिनेमे आमच्याकडे फारसे नाहीत. पण आपल्याकडे सिनेमावरचा हक्क प्रदर्शनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं असतो, म्हणजे १९५०च्या दशकातले कृष्णधवल सिनेमे त्यातून बाहेर आलेले आहेत. गाण्यांचे आणि कथेचे हक्क वेगळे असू शकतात, तेवढं विचारून घ्यावं. या अडचणीतून आमची यादी जुन्या सिनेमांकडे वळली आणि आईच्या वयाची माणसं अठरा पायऱ्या चढायला लागली.

फाळक्यांच्या जयंतीच्या आठवड्यात, एप्रिलच्या शेवटी, १९१३च्या ‘राजा हरिश्चंद्र’चा आज उरलेला भाग लावला. त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या, नाशकात चित्रपटांचा कारखाना चालवलेल्या आणि इथेच शेवटचा श्वास घेतलेल्या माणसाचं काम. आमच्या मुलांना त्यांचं नाव पांडवलेण्यांच्या पायथ्याच्या स्मारकामुळे माहीत होतं, काम कोणीच पाहिलेलं नव्हतं. मूकपट, त्यामुळे स्पीकर बंद. मधल्या हिंदी पाट्या मुलं एका सुरात मोठ्याने वाचत होती आणि ज्याला वाचता येत नव्हतं तो शेवटचा शब्द तेवढा जोरात म्हणत होता. असं काही हॉटेलात घडणं मला कठीण वाटतं. तिथे यादी सगळ्या शहराला आवडेल अशीच करावी लागते.

आणि मुख्य गोष्ट. दहाच्या नियमाचं आम्ही काय केलं? सिनेमा दोन दिवसांत वाटला. शनिवारी मध्यंतरापर्यंत, रविवारी मध्यंतरानंतर. आपले सिनेमे मुळात मध्यंतर धरूनच लिहिलेले असतात. तिथे गोष्ट अशा जागी थांबते की माणूस उठून गेला तरी मनाने तिथेच राहतो. दहा मिनिटांऐवजी एक दिवस थांबायचं, एवढाच फरक. पावणेआठला सुरू, नऊ-सव्वानऊला बंद. आवाज कोणाला उतरवावा लागत नाही, शेजाऱ्यांची तक्रार नाही, मुलं वेळेवर झोपतात, आणि उशिरा येणाऱ्यासाठी कोणी थांबत नाही, कारण तो तीन मजले खालीच राहतो. मी हॉटेलातही हे सुचवून पाहिलं होतं. रविवारी लॉन रिसेप्शनला दिलेलं असतं, त्यामुळे त्यांना ते शक्य नाही, हे मला पटलं.

तरीही सगळ्यांनी गच्चीच निवडावी असं मी म्हणणार नाही. घरात कोणाला जिना चढवत नसेल, पाहुणे आले असतील, किंवा सोसायटीत बादल्या उचलायला आणि पत्रं लिहायला चार हात नसतील, तर हॉटेल बरं. लहान मुलांचा दीड तासाचा कार्टूनपट असेल तर हॉटेल नक्कीच बरं, कारण तो आठ पंचवीसला सुरू होऊनही दहाच्या आत संपतो; आम्ही मुलीच्या वाढदिवसाच्या आठवड्यात अजूनही जातो. मोठा सिनेमा पाहायचा असेल तर निघण्याआधी हॉटेलला फोन करून दोनच प्रश्न विचारा: सिनेमा किती मिनिटांचा आहे आणि गेल्या शनिवारी प्रत्यक्षात किती वाजता सुरू झाला होता. ती बेरीज दहाच्या पुढे जात असेल तर म्हातारी माणसं सोबत नेऊ नका. आणि गच्ची ठरवत असाल तर पहिल्या शनिवारी पाणी सहाला मारा, साडेसातला नको. ओल्या स्लॅबवर वायरी ओढायची वेळ येऊ देऊ नका, प्रोजेक्टरचं एक्स्टेन्शन जिन्यातून कोरडंच वर आणा.

गेल्या रविवारची गोष्ट. आदल्या रात्री एक जुना कृष्णधवल सिनेमा मध्यंतरापर्यंत दाखवला होता. धाकटा भाऊ घर सोडून निघून गेला, तिथे थांबला होता. सकाळी गच्चीवर बायका कुरडया घालत होत्या आणि मुलं सोऱ्याभोवती बसून भांडत होती, तो परत येणार की नाही यावर. आईने हा सिनेमा साठ वर्षांपूर्वी गावच्या जत्रेत, तंबूत बसून पाहिलेला. मुलीने तिला तीनदा विचारलं, “आजी, येतो का गं तो परत?” आईने चिकाचा गोळा सोऱ्यात भरला, दांडा दाबला आणि म्हणाली, “संध्याकाळी माझी खुर्ची जरा पुढे लाव.”