आईचं डायलिसिस सेंटर, नऊ महिन्यांनंतरचा अनुभव (मुख्यतः स्वच्छतेबद्दल)

आईचं डायलिसिस सुरू होऊन नऊ महिने झाले. सोमवार, बुधवार, शुक्रवार, दुसरी शिफ्ट, चार तास. सेंटरचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये कारण ती अजून तिथेच जाते आणि दुसरं सेंटर आमच्यापासून चाळीस किलोमीटरवर आहे. डॉक्टर नीट बोलतात, मशीन बऱ्या आहेत, महात्मा फुले जनआरोग्य योजनेत बसल्यामुळे पैसे भरावे लागत नाहीत. माझी तक्रार फक्त स्वच्छतेची, आणि तीही पहिला महिनाभर माझ्या लक्षातच आली नव्हती, कारण तेव्हा सगळा जीव बीपी किती पडलं आणि पाणी किती काढलं यातच अडकलेला असतो.

पहिल्यांदा दिसलं ते असं. फिस्टुलाचा हात (सुया टोचण्यासाठी ऑपरेशनने शीर जोडून तयार केलेला) ठेवतात त्या खुर्चीच्या दांडीवर, रेक्झिनच्या शिवणीत, सुकलेल्या रक्ताचा तपकिरी ठिपका, तुरीच्या डाळीच्या दाण्याएवढा. सोमवारी आई बसली तेव्हा पाहिला, सफाईच्या मामांना सांगितलं, ते हो म्हणाले. बुधवारी योगायोगाने तीच खुर्ची मिळाली आणि ठिपका जिथल्या तिथे. रोज तीन शिफ्ट चालतात म्हणजे आईनंतर आणखी पाच पेशंट त्या खुर्चीवर बसून गेले होते. हिपॅटायटिस बी चा (रक्तातून पसरणारा, लिव्हरला सूज आणणारा) व्हायरस सुकलेल्या रक्तात सात दिवस तरी टिकतो, दिसत नसलं तरी टिकतो, इथे तर डोळ्यांना दिसत होतं.

मग मी शिफ्ट बदलताना मुद्दाम आत थांबायला लागलो. खरी गडबड त्याच अर्ध्या तासात होते. पहिल्या शिफ्टचा पेशंट अजून बोटाने सुईची जागा दाबून बसलेला, आणि त्याच मशीनवर दुसऱ्याची ट्यूबिंग लटकवायला सुरुवात. खरं तर आधीचा माणूस उठून गेल्याशिवाय, खुर्ची, मशीनचा पुढचा भाग, बटणं, क्लॅम्प सगळं पुसून झाल्याशिवाय पुढची तयारी मांडायचीच नसते. इथे एकच फडकं सहा मशीनवर फिरत होतं. आणि ग्लोव्हज! चार नंबरचा अलार्म वाजला, सिस्टरने तिकडचं बटण दाबलं, ट्यूब हलवली आणि तशाच हातांनी आईच्या सुईची पट्टी धरली. तिला वाईट म्हणायचं नाहीये मला, सहा मशीनवर दोघंच जण असतील तर कुणाचंही हेच होईल. पण इन्फेक्शन माणसाची अडचण बघून थांबत नाही.

माझी पहिली चूक म्हणजे मी सगळ्यांसमोर आवाज चढवला. त्यानंतर दोन आठवडे आईशी कुणी धड बोललं नाही. घरी येताना रिक्षात ती म्हणाली, "तू बोलून मोकळा होतोस, सुई मला टोचून घ्यायची असते." लोक तक्रार का करत नाहीत ते मला तेव्हा कळलं. आठवड्यातून तीनदा ज्यांच्या हातात जीव द्यायचा त्यांना दुखवायचं कसं, ही भीती प्रत्येक खुर्चीवर आहे, आणि ती खोटी नाही.

नंतर आईनेच मार्ग काढला. सिस्टर जवळ आली की ती म्हणते, "बाळा, माझ्यासाठी तेवढे नवीन ग्लोव्हज घाल गं." बस, एवढंच. नव्वद टक्के वेळा घालतात. स्वतः ती बसायच्या आधी फिस्टुलाचा हात साबणाने धुऊन येते, त्यामुळे तिच्या बोलण्याला वजनही येतं. ज्यांना मानेत कॅथेटर (मोठ्या शिरेत घातलेली नळी) आहे त्यांनी तर तो उघडताना आणि बंद करताना सिस्टरला आणि स्वतःला मास्क हवाच म्हणावं, तिथे थेट रक्तात रस्ता असतो.

तिसऱ्या महिन्यात एक वाईट गोष्ट झाली. आमच्या शिफ्टमधल्या एका काकांचा हिपॅटायटिस सी पॉझिटिव्ह आला, सुरू करताना निगेटिव्ह होता. कुठून आला हे मी सांगू शकत नाही आणि सिद्धही करता येणार नाही. ते गप्प झाले, जणू त्यांचाच काही गुन्हा. त्यांना मी सांगितलं ते इथेही सांगतो, सी वर आता गोळ्या आहेत, बहुतेकांना बारा आठवड्यांचा कोर्स, बहुतेक जण पूर्ण बरे होतात आणि २०१८ पासून सरकारच्या हिपॅटायटिस कार्यक्रमात हे उपचार मोफत मिळतात. सी ची लस मात्र नाही. बी ची आहे, डायलिसिसवाल्यांना ती नेहमीपेक्षा दुप्पट डोसची द्यावी लागते आणि नंतर टायटर (लसीने रक्तात किती अँटीबॉडी तयार झाल्या) तपासायचा, १० च्या वर पाहिजे. आईचा टायटर कुणी तपासलाच नव्हता, आम्ही विचारल्यावर तपासला.

त्या काकांच्या रिपोर्टनंतर आम्ही सहा घरं एकत्र आलो. मी एक वही ठेवली होती, तारीख, शिफ्ट, मशीन नंबर, काय दिसलं. स्टाफचं नाव एकदाही लिहिलं नाही. त्यावरून एक पानाचं पत्र केलं, सहा सह्या, इन्चार्जना दिलं आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घेतली. पोच घेणं फार महत्त्वाचं, त्याशिवाय ते पत्र म्हणजे कागद. मागण्या साध्याच होत्या: शिफ्ट बदलताना एक जास्तीचा माणूस, प्रत्येक मशीनला वेगळं फडकं, हायपोक्लोराइटच्या (पुसायच्या जंतुनाशकाच्या) बाटलीवर बनवल्याची तारीख, आणि पाण्याचा कल्चर रिपोर्ट (त्यात जंतू वाढतात का याची तपासणी) बघायला मिळावा.

पाण्याबद्दल लोक विचारतच नाहीत. एका डायलिसिसला साधारण १२० लिटर आरओचं पाणी लागतं आणि ते रक्तापासून फक्त एका पातळ पडद्याने वेगळं असतं. ब्राझीलमध्ये कारुआरू गावी १९९६ साली पाण्यातल्या शेवाळाच्या विषाने पन्नासहून जास्त डायलिसिस पेशंट गेले. आमच्याकडे पाचव्या महिन्यात एकाच दिवशी तिघांना मशीनवर थंडी वाजून हुडहुडी भरली. एकालाच झालं तर त्याचा कॅथेटर वगैरे बघतात, पण तिघांना एकदम म्हणजे पाणी तपासा, असं मी डॉक्टरांना सरळ म्हणालो. ब्लड कल्चर घेतले, पाण्याची लाइन डिसइन्फेक्ट झाली, रिपोर्ट मात्र मला तिसऱ्यांदा मागितल्यावर दाखवला.

डायलायझर, म्हणजे रक्त गाळणारी नळी, आमच्याकडे धुऊन त्याच पेशंटला पुन्हा वापरतात. नीट केलं तर ते चालतं, पण लावायच्या आधी त्यावरचं नाव आई स्वतः मोठ्याने वाचते. त्याच्या आत मावणारा व्हॉल्यूम मूळच्या ८० टक्क्यांच्या खाली गेला की तो टाकायचा, आणि आतलं केमिकल धुतलं गेलं का याची पट्टी असते, ती दाखवा म्हणायचं.

पत्राचा उपयोग झाला. फडकी वेगळी झाली, बाटल्यांवर तारखा आल्या, शिफ्ट बदलताना एक मावशी असतात आणि त्या मनापासून पुसतात, शिवणीतसुद्धा. संडास अजून घाणच आहे आणि स्टाफ सुट्टीवर असला की ग्लोव्हजचं पुन्हा जुनंच सुरू होतं. इन्चार्जनी ऐकलं नसतं तर आधी योजनेच्या आरोग्यमित्राकडे (हॉस्पिटलमध्ये पेशंटच्या मदतीला नेमलेला माणूस) आणि मग जिल्हा शल्यचिकित्सकांकडे जायचं ठरवलं होतं (महापालिका हद्दीत पालिकेचे आरोग्य अधिकारी). पेशंटचे रिपोर्ट लेखी मागितले तर ७२ तासांत द्यावे लागतात, आम्ही आईच्या सगळ्या मार्करच्या (हिपॅटायटिस बी, सी वगैरेच्या रक्त तपासण्यांच्या) झेरॉक्स घेऊन ठेवल्यात, निगेटिव्ह असल्याचा तोच आमच्याकडचा पुरावा.

गेल्या आठवड्यात एक नवीन पेशंट आलेत, त्यांची बायको दारात उभी राहून हळूच विचारत होती की इथे काही बोललं तर चालतं का. आईने तिला शेजारी बसवून घेतलं आणि ग्लोव्हजचं सांगितलं. आईचे पुढचे मार्कर पुढच्या महिन्यात आहेत.