.३८० की ९ एमएम? रोज कमरेला बाळगायचं तर

टेक्सासमध्ये सप्टेंबर २०२१ पासून बहुतेकांना अंगावर पिस्तूल बाळगायला वेगळा परवाना लागत नाही. तेव्हापासून ओळखीतलं कुणी ना कुणी विचारतंच, ".३८० घेऊ की ९ एमएम?" ही पिस्तुलाच्या काडतुसांची दोन मापं, पिस्तूलही त्यांच्याच नावानं ओळखलं जातं. दोन्ही काही वर्षं वापरलीत, म्हणून हे चार शब्द.

गोळीची जाडी दोन्हीकडे सारखीच. फरक पुंगळीच्या (काडतुसाच्या धातूच्या कवचाच्या) लांबीत, .३८० ची १७ मिलिमीटर आणि ९ एमएमची १९. दोन मिलिमीटरनं असं काय बिघडतंय, म्हणून मी आधी .३८० घेतलं. चपटं, हलकं, जूनच्या उकाड्यात नुसत्या टीशर्टखालीही कळायचं नाही. लपवायला त्याच्यासारखं दुसरं नाही, हे आजही मान्य.

रेंजवर, म्हणजे नेमबाजीच्या सरावाच्या जागी, मात्र त्रास सुरू झाला. माझं पिस्तूल ब्लोबॅक पद्धतीचं. त्यात नळी आणि स्लाइड (पिस्तुलाचा मागे-पुढे सरकणारा वरचा भाग) एकमेकांत अडकत नाहीत, सगळा जोर स्लाइडचं वजन आणि स्प्रिंग थोपवतात. त्यामुळे स्प्रिंग इतकी कडक, की बायकोनं दोनदा स्लाइड ओढून पाहिली आणि "तुझं तूच ओढ" म्हणून परत दिली. झटका थेट अंगठ्याच्या बेचक्यात. पन्नासचं खोकं संपेपर्यंत तिथली कातडी लालबुंद. मग मी पंचविसावरच थांबायला लागलो, मग "पुढच्या शनिवारी बघू". वर काडतुसंही ९ एमएमपेक्षा महाग. रोज कमरेला पिस्तूल आणि दोन-दोन महिने सराव नाही, हे माझं मलाच पटेना.

९ एमएम जाड आहे, गाडीत बसताना टोचतं, पट्टाही नवा घ्यावा लागला. पण ते ढकलतं, चावत नाही. शंभर गोळ्या सहज होतात. एफबीआयसुद्धा .४० हे मोठं काडतूस सोडून ९ एमएमवर परतली, पण माझा निर्णय बेचक्यानंच केला.

.३८० मध्ये ब्लोबॅक नसलेली, म्हणजे नळी स्लाइडमध्ये अडकणारी, मऊ चालणारी पिस्तुलं मिळतात. मनगटात जोर कमी असेल तर ती जरूर बघा, मी नाही म्हणणार नाही. (साताऱ्याच्या काकांना हा प्रश्नच नाही. भारतात ९ एमएम सामान्य माणसाला निषिद्ध बोअर (नळीचं माप), त्यांचं .३२ चं रिव्हॉल्व्हर बरं.)

घ्यायच्या आधी रेंजवर दोन्ही भाड्यानं घ्या, पन्नास-पन्नास झाडा. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाचा कप उचलताना अंगठा काय म्हणतो ते बघा.