रिटायर होऊन उबदार शहरात जायचंय: कोरडं बरं की समुद्राकाठचं?

थंडी नको एवढं नक्की, पण कोरडं शहर की किनाऱ्यावरचं यावर अडलंय ना? आधी तब्येतीचं बघा. कोरड्या हवेत घाम पटकन वाळतो, त्यामुळे ३८ डिग्रीपण त्यामानाने सोसते, रात्री गारवा येतो, फक्त वय वाढलं की तहान कमी जाणवते आणि पाणी प्यायचं राहून जातं, हा धोका खरा. किनाऱ्यावर ३३ लाच चिकचिक, रात्रीसुद्धा उकाडा. मेंटेनन्सला किनारा महाग, खारी हवा एसी, ग्रिल सगळं गंजवते (ब्रोशरमध्ये गंज कुठे दिसतो म्हणा!). बघायला मात्र दोन्हीकडे सगळ्यात वाईट सीझनमध्येच जा.

घराची कटकट नको, पहाटे फिरायचंय, त्यांनी कोरडं घ्यावं. त्वचा, डोळे कोरडे पडतात आणि रोज पोहायचंय, त्यांना किनारा.